युद्धकविता कुठं थांबते, हे विचारायला शिकवा

बारावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण लिहायचं तर मथळे ठरलेले आहेत: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. इंग्रजीच्या पेपरात विषय, शैली, अलंकार, संदेश आणि स्वतःचं मत. मथळ्यांना माझा विरोध नाही. नवख्या वाचकाला धरायला काहीतरी लागतंच. पण आता हे मथळे कविता न वाचताही भरता येतात. कविता लढाईवरची आहे एवढं कळलं की झालं: रस वीर, अलंकार उपमा आणि अनुप्रास, संदेश देशप्रेमाचा. पावसाच्या कवितेचं असल्या उत्तरानं फारसं बिघडत नाही. युद्धाच्या कवितेचं पार वाटोळं होतं. एकाच प्रसंगावरच्या, तेच अलंकार वापरणाऱ्या दोन युद्धकविता वाचणाऱ्याला अगदी उलट दिशांना नेऊ शकतात, आणि तो फरक अलंकारांच्या यादीत कधीच सापडत नाही. तो बांधणीत असतो. कविता कुणाच्या तोंडून बोलते, कुणाला उद्देशून बोलते, कोणत्या क्षणी सुरू होते, कुणाला वगळते आणि कुठं थांबते, यात त्या कवितेचं युद्धाविषयीचं मत दडलेलं असतं. त्यातही ती कुठं थांबते हा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि तोच आपण विचारत नाही.

मराठवाड्यातला शिक्षक म्हणून मी हे लिहितो आहे, आणि मराठवाड्याचं नाव मुद्दाम घेतो आहे. बीड, लातूर, परभणी, हिंगोली, कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे जा, रस्त्याच्या कडेनं भरतीची तयारी करणारी पोरं पळताना दिसतील. १६०० मीटरची वेळ सेकंदानं कमी झाली तरी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो. कोरडवाहू दोन-चार एकरांत घर भागत नाही, जवळपास कारखाने नाहीत, म्हणून पोलीस भरती आणि सैन्यभरती हाच असंख्य घरांना रस्ता वाटतो. २०२२ सालापासून अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी घेतात आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना कायम करतात, हे त्या पोरांना पाठ असतं. तरी ती पळतात. त्यांच्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर आहे. राग येतो तो याचा, की ज्यांच्या अंगावर उद्या वर्दी चढणार त्याच पोरांना आपण युद्धकविता सगळ्यांत उथळपणे शिकवतो. २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला, १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला लाउडस्पीकरवर लागते ती युद्धकविता, आणि सीमेवर काही घडलं की मोबाइलच्या स्टेटसवर फिरते तीही युद्धकविता. तिच्याशी प्रश्नोत्तर करायची सवय लावणारी वर्गाइतकी हक्काची जागा दुसरी नाही.

पहिल्या महायुद्धातल्या विल्फ्रेड ओवेनची 'डुल्चे एट डेकोरम एस्ट' ही कविता घेऊ, कारण बांधणी म्हणजे काय हे तिच्याइतकं स्वच्छ दाखवणारी दुसरी कविता मला ठाऊक नाही. शीर्षक होरेस या रोमन कवीच्या ओळीतलं आहे: देशासाठी मरणं गोड आणि साजेसं असतं. ओवेननं ती १९१७ साली एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात, लढाईच्या धक्क्यातून सावरत असताना लिहायला घेतली. पहिल्याच ओळीत उपमा आहे. सैनिक पाठीवर पोती लादलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्यांसारखे वाकून चालले आहेत. आपला विद्यार्थी लिहील: उपमा अलंकार. पुढं विचारायला हवं ते हे, की सैनिकाला तोवर कशाची उपमा देत आले होते? वाघाची, सिंहाची, पर्वताची. इथं ऐन विशीतली पोरं एका ओळीत म्हातारी झाली. पुढच्या ओळी मध्येच थांबतात, अडखळतात, पुन्हा निघतात. कुणाचे बूट हरवले आहेत, पायांत रक्ताचेच जोडे आहेत, माणसं झोपेतच चालताहेत. ओळींची चालही तशीच फरफटणारी आहे. डोळे मिटून नुसती ऐकली तरी थकवा कळतो. छंद म्हणजे मात्रा मोजायचा कंटाळवाणा हिशोब अशी मुलांची समजूत असते. इथं छंद हे थकलेलं शरीर आहे.

दुसऱ्या कडव्याची सुरुवात म्हणजे एक आरोळी: गॅस! सगळे धडपडत मुखवटे चढवतात. एकाला जमत नाही. मुखवट्याच्या धूसर काचेतून, हिरव्या समुद्राखाली माणूस बुडावा तसा तो बुडताना दिसतो. इथं साधा कवी थांबला असता. सैनिक गेला, करुण रस झाला, दोन अश्रू ढाळून कविता संपली. ओवेन थांबत नाही, आणि तो का थांबत नाही हे समजायला ओळी मोजाव्या लागतात.

कवितेच्या ओळी २८ आहेत. आठ, सहा, दोन आणि बारा अशी त्यांची वाटणी. पहिल्या दोन कडव्यांच्या मिळून १४, नंतरच्या दोन्हींच्या मिळून पुन्हा १४. म्हणजे दोन सुनीतं, चौदा ओळींच्या ठरीव घाटाच्या दोन कविता, पाठीला पाठ लावून ठेवलेली आहेत. सुनीत केशवसुतांनी मराठीत आणलं, त्यामुळे आठ ओळींत मांडणी आणि सहा ओळींत वळण हा त्याचा आकार आपल्याला परका नाही. ओवेनचं पहिलं सुनीत आठ-सहाच्या नियमानं नीट चालतं. दुसरं मोडतं. त्याच्या सुरुवातीला दोन ओळी एकट्याच उभ्या आहेत: माझ्या प्रत्येक स्वप्नात तो माझ्या अंगावर झेपावतो, गुदमरत, बुडत. इथं भूतकाळ संपून वर्तमानकाळ सुरू होतो. आणि यमक जुळवायला कवी नवा शब्द घेत नाही. मघाच्या 'बुडत'लाच पुन्हा 'बुडत' जोडतो. लढाई संपली, ते दृश्य संपलं नाही, ते रोज रात्री घडतं आहे. मनाला बसलेल्या धक्क्याविषयी वैद्यकाची पुस्तकं जे पानंच्या पानं सांगतात ते इथं एका कडव्याच्या फुटण्यात आणि एका शब्दाच्या परतण्यात आलं आहे.

शेवटच्या बारा ओळी म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे आणि ते 'जर'नं सुरू होतं. जर तूही त्या गाडीमागून चालला असतास, ज्या गाडीत आम्ही त्याला टाकलं. जर त्याचे पांढरे वळवळणारे डोळे पाहिले असतेस. प्रत्येक धक्क्यासरशी फेसाळलेल्या फुप्फुसांतून वर येणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकला असतास. इतका वेळ कविता 'आम्ही' आणि 'मी' म्हणत होती, आता 'तू' आला. हा 'तू' कोण? सुरुवातीच्या एका खर्ड्यावर जेसी पोप या कवयित्रीला उद्देशून अशी नोंद होती. पोप वर्तमानपत्रांतून पोरांना भरती व्हायला चेतवणारी चटकदार पद्यं लिहायच्या. म्हणजे ही एक युद्धकविता दुसऱ्या युद्धकवितेला दिलेलं उत्तर आहे. वाक्य संपतं ते असं: मित्रा, मग तू कीर्तीसाठी आसुसलेल्या पोरांना ते जुनं असत्य एवढ्या उत्साहानं सांगितलं नसतंस. इंग्रजीतल्या कीर्तीच्या शब्दाला कवीनं लॅटिनमधल्या मरण्याच्या शब्दाचं यमक दिलं आहे, आणि शेवटची ओळ निम्म्यात तोडली आहे.

मुद्दा हा, की कविता सैनिकाच्या मरणापाशी थांबली असती तर ती एक दुःखद कविता ठरली असती. ती गाडीपर्यंत, स्वप्नापर्यंत आणि मग घरी सुरक्षित बसलेल्या माणसापर्यंत जाते, म्हणून ती एक आरोप होते. उपमा, प्रतिमा, यमक सगळं त्या प्रवासाच्या कामी आलेलं आहे. याच्या उलट रूपर्ट ब्रुकचं १९१४ सालचं 'द सोल्जर' हे सुनीत. त्यात सैनिकाचं प्रेत दिसतच नाही. परक्या मातीचा एक कोपरा कायमचा इंग्लंड होतो, एवढंच. तेही उत्तम घडवलेलं आहे, कानाला गोड आहे. १९१५ च्या ईस्टरला ते लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये व्यासपीठावरून वाचलं गेलं, आणि त्याच महिन्यात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर पोहोचण्याआधीच ब्रुक रक्तात जंतुसंसर्ग होऊन वारला. ते सुनीत मरणाला ओलांडून थेट स्मरणात उतरतं. मधलं सगळं गाळतं. दोघांचा कालखंड एक, देश एक, छंदही मुळात एकच. रसग्रहणाच्या ठरलेल्या मथळ्यांत या दोघांची उत्तरं जवळजवळ सारखी येतील.

आता मराठी. कुसुमाग्रजांची 'वेडात मराठे वीर दौडले सात' माहीत नसलेला माणूस आपल्याकडे मिळणार नाही. स्नेहसंमेलनात तिच्यावर नाच बसवतात, मिरवणुकीत ती लागते, पोरं मुठी आवळून ती म्हणतात. आणि मला ठामपणे वाटतं की आपण ती उलटी वाचतो. प्रसंग २४ फेब्रुवारी १६७४ चा, नेसरीचा. बहलोलखानाला हातचा सोडल्याबद्दल शिवाजी महाराजांनी खरमरीत पत्र लिहिलं, ते प्रतापराव गुजरांच्या जिव्हारी लागलं, आणि ते मोजक्या सहा सरदारांसह शत्रूच्या फौजेवर तुटून पडले. सातही गेले. ही विजयाची कथा नाही. सरसेनापतीच गमावला, असा तो दिवस आहे.

कविता कशी बांधली आहे पाहा. पहिला बराच भाग पत्राचा आणि त्या पत्रानं एका माणसाच्या शरीरावर काय केलं त्याचा आहे: भुवई चढते, दात ओठांवर रुततात, छातीवरची गाठ तुटते, डोळ्यांचे काठ ओलावतात. प्रत्यक्ष लढाईला मात्र जेमतेम एक कडवं मिळालं आहे. 'खालून आग, वर आग, आग बाजूंनी', आणि सात जीव गर्दीत लोपतात. शत्रूला चेहरा नाही. सातांपैकी एकाचीही जखम दिसत नाही. बहुतेक कडव्यांत तीन ओळी एका यमकाच्या आणि चौथी फिरून 'सात'च्या यमकावर येते, त्यामुळे तो आकडा ढोलाच्या ठोक्यासारखा परततो. पण दर वेळी सातांचं रूप बदलतं. आधी ते स्वार असतात, मग अर्पण केलेल्या माना होतात, मग दरियात कोसळणाऱ्या उल्का, मग गर्दीतले जीव, मग वणव्यात जळालेले पक्षी. माणूस हळूहळू विरत जातो. आणि शेवटच्या कडव्यात, ध्रुपद सोडलं तर, 'सात' हा आकडाच उरत नाही. दगडांवरच्या टाचा, ओढ्यातला रक्ताचा रंग, क्षितिजावरची धूळ, आणि वाऱ्यावर कुणीतरी गात असलेली विराणी. 'अजूनि' असं कवी तीनदा म्हणतो आणि चौथ्यांदा 'अद्याप' म्हणतो. भूतकाळात चाललेली कविता इथं वर्तमानात येते, ओवेनच्या स्वप्नासारखीच. ती जयघोषात संपत नाही. शोकगीत ऐकू येत असताना थांबते.

आणखी एक ओळ मला सोडवत नाही. सातजण निघतात तेव्हा मागं फौज आश्चर्यानं थक्क होऊन उभी राहते. एका शब्दाच्या वर्णनात कवीनं हजारोंची फौज उभी केली आणि पुढं सरकला. त्या फौजेतल्या शिपायानं काय पाहिलं? त्याचा सेनापती त्याला सोडून गेला. उद्या त्याला हुकूम कोण देणार? कवितेला हा प्रश्न नको आहे, पण तो तिनंच आपल्यापुढं ठेवला आहे. असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी प्रतापरावांचा अवमान करत नाही. कवितेनं जेवढं दाखवलं आणि जेवढं झाकलं ते दोन्ही वाचतो आहे, एवढंच.

यासाठी बाहेरून अवजारं आणायची फार गरज नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वीराचा स्थायीभाव उत्साह आहे, करुणाचा शोक, भयानकाचा भय, बीभत्साचा जुगुप्सा. एकाच रणभूमीवर हे चारही उभे राहू शकतात हे आपल्या परंपरेनं कधीच ओळखलेलं आहे. ओवेनची कविता बीभत्सातून करुणाकडे जाते, कुसुमाग्रजांची वीरातून करुणाकडे. रस कोणता, एवढं विचारून भागत नाही. रस कुठं बदलला आणि तो बदल घडवायला कवीनं काय केलं, हे विचारायचं. यीट्ससारख्या मोठ्या कवीनं १९३६ सालच्या आपल्या संकलनातून ओवेनला वगळलं होतं, नुसतं सोसणं हा काही कवितेचा विषय नव्हे असं कारण देऊन. ज्या परंपरेत करुण हा मान्यताप्राप्त रस आहे तिच्यात वाढलेल्या वाचकाला यीट्सचं हे म्हणणं पटायचं कारण नाही. सोसणाऱ्याला आपल्याकडे काव्यात जागा आहे.

पैठणच्या मुक्तेश्वरांचंच पाहा. एकनाथांच्या मुलीचा हा मुलगा सतराव्या शतकात मराठीत महाभारत सांगायला बसला. त्यातली आज आपल्या हाती असलेली पर्वं पाच: आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक. सौप्तिकपर्व म्हणजे युद्ध जिंकल्यानंतरची रात्र. अश्वत्थामा झोपलेल्या छावणीत शिरतो आणि द्रौपदीच्या पाचही मुलांना मारतो. महाभारत अठराव्या दिवशी दुर्योधन पडल्यावर थांबलं असतं तर पांडवांचा विजय एवढंच हाती लागलं असतं. व्यासांनी त्याच्यापुढं सौप्तिक ठेवलं, त्यापुढं स्त्रीपर्व ठेवलं, रणांगणावर आपली माणसं शोधणाऱ्या बायका दाखवल्या. युद्ध कुठं संपलं असं म्हणायचं, याचं हे उत्तर गोदाकाठच्या मराठीत मुक्तेश्वरांपासून आहे. तरी आमच्या जिल्ह्यांतल्या मुलाला युद्धकविता म्हटलं की फक्त तलवार आणि घोडा आठवतो.

भा. रा. तांब्यांची झाशीच्या राणीवरची कविता तर पहिल्याच ओळीत वाचणाऱ्याला 'थांब' म्हणते, दोन अश्रू ढाळायला सांगते. ती समाधीलेखासारखी बांधलेली आहे, त्यामुळे तिच्यात लढाईपेक्षा वाटसरू महत्त्वाचा. याहून जास्त तिच्यावर इथं लिहीत नाही, पण या तीन कविता शेजारी शेजारी ठेवल्या तर चार तासांत मुलांना बांधणी म्हणजे काय ते कळतं.

वगळण्याचा प्रश्न मराठवाड्यात आणखी टोचतो. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. वेलस्लीच्या सैन्यात मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मेले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची फळी पुढं गेल्यावर उठून त्याच तोफा पाठीमागून डागू लागले. इंग्रजी पलटणींनी असईचं नाव आपल्या निशाणांवर मिरवलं. पुढं वॉटर्लू जिंकणाऱ्या त्या सेनापतीनं असईलाच आपली सर्वोत्तम लढाई म्हटलं. आमच्याकडून कोण लढलं? ज्यांची नावं कुणी टिपली नाहीत असे गोलंदाज. वीरगीताच्या साच्यात त्यांना बसवता येत नाही, कारण त्या साच्याला एक मोठा नायक लागतो, त्याची प्रतिज्ञा लागते आणि डोळे दिपवणारा शेवट लागतो. पानिपतानंतरचा तो प्रसिद्ध सांकेतिक निरोप आठवा: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शोकाची एवढी दाटी चार ओळींत क्वचितच कुणाला साधली असेल, पण त्या रूपकातली उतरंडही वाचता आली पाहिजे. मोती म्हणजे कोण आणि खुर्दा म्हणजे कोण, हे वर्गात उघड विचारलं पाहिजे. भरतीसाठी पळणारी पोरं ते चटकन ओळखतील.

आणि मग १७ सप्टेंबर. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाची सत्ता कोसळली आणि मराठवाडा भारतात आला. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी त्यासाठी जे सोसलं, रझाकारांनी गावोगावी जो छळ मांडला, ते सांगितलंच पाहिजे, गायलंच पाहिजे. दर वर्षी ते गायलं जातं. पण ही सगळी गाणी आणि भाषणं १७ सप्टेंबरलाच थांबतात. त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं? पंडित सुंदरलाल यांच्या समितीला सरकारनंच पाठवलं होतं. कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत असा अंदाज तिनं नोंदवला, आणि सगळ्यांत जास्त झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावं दिली. मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते आणि त्यांतले बरेचसे रझाकार नव्हते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. मुक्तीचा आनंद खरा आहे, तो यामुळं खोटा ठरत नाही. पण आपल्या गावातल्या एखाद्या ओसाड गल्लीकडे बोट दाखवून नातवानं विचारलं, तर गाणं १७ तारखेला का थांबतं, याचं उत्तर देण्याची हिंमत आजोबांत असली पाहिजे. आपलं सौप्तिकपर्व आपण लिहिलेलं नाही. ते लिहायचं की नाही हे पुढच्या कवींनी ठरवावं. ते गाळलेलं आहे हे ओळखायला मात्र वाचकाला शिकवता येतं, आणि ते शिकवणं मराठीच्या शिक्षकाचं काम आहे.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. असं वाचन पोरांचं मनोधैर्य खच्ची करील, सैनिकाच्या घरच्यांना दुखवील. आक्षेप घेणारे प्रामाणिक असतात, म्हणून नीट उत्तर देतो. गावात जवानाचं पार्थिव येतं, चौकात माणूस मावत नाही, त्या दिवशी ओवेन वाचा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. तिथं वीरगीतच हवं. आईबापांना उभं राहायला तेवढाच आधार असतो. माझा प्रश्न वर्गाचा आहे, जिथं अजून कुणी मेलेलं नाही आणि विचार करायला वेळ आहे. दुसरं असं, की ओवेन घाबरट नव्हता. बरा झाल्यावर १९१८ मध्ये तो पुन्हा आघाडीवर गेला, मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळण्यासारखं लढला, आणि ४ नोव्हेंबरला सांब्र कालव्यापाशी मारला गेला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. युद्ध ११ तारखेला थांबलं. युद्ध थांबल्याच्या घंटा वाजत होत्या त्याच दिवशी त्याच्या मृत्यूची तार घरी पोहोचली. युद्धाविषयी खरं बोलणं आणि कर्तव्य बजावणं या दोन गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, याचा याहून वेगळा पुरावा मला नको.

इंग्रजांच्या कवितेशी आपला काय संबंध, असंही विचारतात. मोमिनाबाद (म्हणजे आताचं अंबाजोगाई), हिंगोली, औरंगाबाद, जालना इथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या, छावण्या होत्या. त्या फौजेच्या घोडदळातून पुढं झालेली डेक्कन हॉर्स ही पलटण १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, हाय वूड या जंगलापाशी भाले घेऊन मशीनगनच्या तोंडावर दौडली. ओवेनचं युद्ध आमच्या छावण्यांच्या वारसदारांनीही लढलेलं आहे. आणि ओवेनवरही हेच प्रश्न उलटवावेत: त्याच्या कवितेत हे भारतीय घोडेस्वार कुठं आहेत? ते नाहीत. त्याच्या 'स्ट्रेंज मीटिंग'मध्ये मारला गेलेला शत्रू बोलतो, मारणाऱ्याला मित्र म्हणतो. पण वसाहतीतून आणलेला शिपाई तिथंही गप्प आहे. मोठा कवी म्हणून त्याला सूट द्यायचं कारण नाही.

करायचं काय? पाठ्यपुस्तक बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. कविता आधी दोनदा मोठ्यानं वाचायची, आणि शेवटचं कडवं झाकून ठेवायचं. पोरांनाच विचारायचं, तुम्ही असता तर कुठं थांबला असता? मग कडवं उघडायचं. क्रियापदांखाली रेघा ओढायला सांगायच्या म्हणजे काळ कुठं बदलला ते आपोआप दिसतं. शरीर कुठं दिसतं आणि कुठं त्याच्या जागी उल्का, पक्षी, माती येते, ते शोधायचं. अलंकाराचं नाव यानंतर सांगितलं तर ते लक्षात राहतं, कारण तो अलंकार काय करतो हे आधीच कळलेलं असतं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी एवढं केलं तरी पुरे: 'कवितेतून मिळणारा संदेश लिहा' याच्या जागी 'कवी इथंच का थांबला असेल ते कवितेच्या आधारे लिहा' असा एक प्रश्न टाकावा. त्याचं तयार उत्तर गाईडमध्ये यायला निदान एक-दोन वर्षं लागतील, आणि तेवढ्या काळात बरीच पोरं स्वतः वाचायला शिकलेली असतील.

हे सगळं बी.ए., एम.ए.च्या वर्गांत करता येईल, तिथं ते काही ठिकाणी होतंही. पण सैन्यभरतीची किमान वयाची अट साडेसतरा वर्षांची आहे. रस्त्यावर पळणारी बहुतेक पोरं बी.ए.च्या वर्गापर्यंत येतच नाहीत. म्हणून हा पाठ अकरावीत हवा.